पसाऱ्याचा स्टोअरकीपर

एका बटणासाठी अंबरनाथहून उल्हासनगरला जाणारा माणूस मी पाहिला आहे. नुसता पाहिला नाही, त्याच्या शेजारी रिक्षात बसून गेलो आहे आणि ते बटण घेऊन परत आलो आहे.

त्याचं असं झालं. आमच्या समोरच्या दारातल्या काकूंना शर्टाची पांढरी बटणं हवी होती. शर्टाला लावायला नव्हे. त्या बटणांमधून काकू बगळ्यांची रांग करणार होत्या. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये बटणं, लेस, मणी, गोंडे यांची दुकानं आहेत. तिथे बटणं ग्रॉसने मिळतात, म्हणजे एका पाकिटात एकशे चव्वेचाळीस. काकांनी पाकीट घरी आणलं, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि बटणं मोजली. एकशे त्रेचाळीस भरली. पुन्हा मोजली. मग मला बोलावून माझ्याकडून मोजून घेतली आणि मी मोजत असताना स्वतः टेबलाखाली वाकून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुकानात हजर.

"साईं, एक बटन के लिए आए?" शेठ म्हणाले.

"एक कम है."

शेठनी डब्यात हात घालून मूठभर बटणं काकांच्या ओंजळीत टाकली. "ले जाओ साईं. अब कम नहीं पड़ेगा."

काकांनी त्यातलं एक निवडलं, उजेडात धरून पाहिलं आणि बाकीची काउंटरवर ठेवून दिली. "एक ही कम था."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, घ्यायची होती की. प्रेमाने देत होते."

काका भर रस्त्यात थांबले. मागून येणारा टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला. "कमी निघालेला माल शोधता येतो," ते म्हणाले. "जास्त निघालेला कुठून आला ते कुणालाच सांगता येत नाही. मला आयुष्यात भीती वाटली ती जास्तीची."

मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात काकांनी तेहतीस वर्षं स्टोअर सांभाळलं होतं. नट, बोल्ट, वॉशर, बेअरिंग, ग्रीसचे डबे. तिथून ते निवृत्त झाले, पण स्टोअर काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. घरात चहाला आलं आहे का विचारलं तर "आहे" किंवा "नाही" असं उत्तर मिळायचं नाही. "दीड इंच" असं मिळायचं. शर्टाच्या खिशातलं पेन वरच्या बटणाला दोऱ्याने बांधलेलं असे. लोक पेन मागतात आणि नेतात, हा तेहतीस वर्षांचा अनुभव. त्यामुळे कुणाला त्यांच्या पेनाने सही करायची असली, की त्याला काकांच्या छातीजवळ वाकावं लागे. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी वार्षिक सभेच्या वहीत काकांच्या बरगडीला कान लावून सही केलेली मी पाहिली आहे. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, डॉक्टर पेशंट तपासतायत.

आता काकू. काकू मूळच्या वांगणीच्या, आणि रुखवत करण्यात त्यांचा हात धरणारं बदलापूर-अंबरनाथमध्ये कुणी नव्हतं. लग्नात मुलीकडून मांडतात ते रुखवत: सुपारीचे नवरा-नवरी, सप्तपदीची सात पावलं, मण्यांचं तुळशीवृंदावन, सजवलेले नारळ. हे सगळ्याच करतात. पण काकूंच्या रुखवतात कधी एक विहीर असायची आणि विहिरीवर दोन बाया एकमेकींशी भांडत असायच्या. सुपारीच्या बाया, पण भांडतायत हे कळायचं. एकदा त्यांनी वरातीतला घोडा केला होता आणि घोड्याच्या तोंडावर कंटाळा होता. लग्नाला आलेली माणसं नवरा-नवरीला सोडून त्या घोड्याभोवती उभी होती.

हे सगळं त्या ज्या खोलीत करायच्या, तिथे एक फरशी मोकळी होती. एक. त्यावर काकू बसायच्या. बाकी सगळीकडे त्यांचा माल. पलंगावर, पलंगाखाली, खिडकीत, शिलाई मशीनच्या पायात. मणी श्रीखंडाच्या डब्यात, टिकल्या लग्नपत्रिकांच्या पाकिटात, गोंडे उशीच्या अभ्र्यात. काही हवं असलं की काकू गुडघ्यांवर बसून शोधायला लागायच्या आणि बडबडायच्या, "कालच तर होतं, याला काय पाय फुटले?"

काका निवृत्त झाले तेव्हा पहिला महिना खिडकीत बसून रस्त्यावरचे टेम्पो बघत होते. दुसऱ्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला आणि हाकलले गेले. तिसऱ्या महिन्यात ते पुन्हा खिडकीत बसले, पण आता टेम्पोही बघत नव्हते. मग एक दिवस काकूच म्हणाल्या, "अहो, माझी खोली लावून देता का?"

मी तिथे होतो म्हणून सांगतो. खोली लावून हवी आहे असा काही त्यांचा चेहरा नव्हता.

काकांनी मात्र बाह्या सरसावल्या. चौदा दिवस लागले. मणी त्यांनी चाळून वेगळे केले: आधी गव्हाची चाळणी, मग रव्याची, मग चहाची गाळणी. लेस पुठ्ठ्यावर गुंडाळून वर मीटर लिहिले. दोरे रंगाने लावले, आणि रंगातही फिका ते गडद. सुपाऱ्यांचे दोन डबे केले: 'उभ्या राहणाऱ्या' आणि 'लोळणाऱ्या'. पिस्त्यांची टरफलं, पेन्सिलीची सोलपटं, जुन्या साड्यांचे काठ, प्रत्येकाला आपापला डबा, डब्याला क्रमांक, क्रमांकाला रॅक.

या अपराधात माझाही वाटा आहे, तो इथे कबूल करतो. माझं तेव्हा अंबरनाथ पूर्वेला झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान होतं. सगळी लेबलं मी छापली. नुसती छापली नाहीत, लॅमिनेट केली, म्हणजे ती पुढची पन्नास वर्षं टिकावीत. वर काकांना चढवलं. म्हटलं, काका, चिठ्ठीशिवाय स्टोअर कसलं? मला गंमत हवी होती. दुसऱ्याच दिवशी ते चिठ्ठीचा नमुना घेऊन दुकानात आले. माल, नग, कशासाठी, सही. मी शंभर छापून दिल्या.

बिल्डिंगमधल्या बायका खोली बघायला यायला लागल्या. कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. "आमच्या ह्यांना जरा शिकवा," असं तीन जणी म्हणाल्या. काका दारात उभे राहून रॅक दाखवायचे आणि शीळ घालायचे. तेहतीस वर्षांत कारखान्यात त्यांनी शीळ घातली असेल असं मला वाटत नाही.

सुरुवातीला काकूही मजेत होत्या. चिठ्ठ्या भरायच्या. एक चिठ्ठी काकांनी मला मुद्दाम दाखवायला आणली. माल: डिंक. नग: एक बाटली. कशासाठी: तुमचं तोंड चिकटवायला. खाली काकूंची सही आणि तिच्या खाली काकांची, 'माल दिला'.

"दिलात?"

"चिठ्ठी बरोबर होती," काका म्हणाले.

मग त्यांनी एक वेगळा रॅक केला. जो माल दोन वर्षांत हलला नाही, तो तिथे. कारखान्यात त्याला 'नॉन-मूव्हिंग' म्हणायचे. काकूंनी तो रॅक वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, "तुम्ही तीन महिने खिडकीत होतात. तुमचा क्रमांक काय?" काका इतके हसले की पेनाचा दोरा तुटला.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी आणखी काही लेबलं द्यायला त्यांच्याकडे गेलो होतो. काका भाजी आणायला बाहेर पडले होते. घरात खरवईच्या वनिताताई बसल्या होत्या. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि रुखवत काकूंनीच करायचं असं श्रावणातच सांगून गेल्या होत्या. आता काय काय झालंय ते बघायला आल्या होत्या.

काकूंनी त्यांना चहा दिला. बिस्किटं दिली. अजून चहा देऊ का विचारलं.

"काकू, रुखवत दाखवा ना," वनिताताई म्हणाल्या.

"झालं नाही गं."

"अर्धं झालं असंल तं अर्धं दाखवा."

"सुरूच नाही केलं. सुचत नाही काही."

वनिताताईंनी उठून खोलीच्या दारातून आत पाहिलं. रॅक, डबे, चकाकणारी लेबलं. "यवढं सगलं लावून ठेवलंव, न तुमाला सुचत नाय?" त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. "काकू, नाराज नको होव. सोमवारपर्यंत वाट बघतंय. नाय तं मना कल्याणवरून तयार आणायला लागंल."

"आण," काकू म्हणाल्या.

मी काकूंना बारा वर्षं ओळखत होतो. तयार रुखवताला त्या 'दुकानातलं प्लास्टिक' म्हणायच्या आणि ते शब्द शिवी दिल्यासारखे उच्चारायच्या. त्या इतक्या शांतपणे 'आण' म्हणाल्या, की वनिताताई दाराकडे वळल्या. त्या चपला घालून निघून गेल्या.

"काकू, काय कमी पडतंय?" मी विचारलं. "काका आणून देतील."

"कमी काही नाही रे. तेच तर." त्या खोलीच्या दारात उभ्या होत्या, आत गेल्या नाहीत. "मला काय करायचंय ते आधी कधी ठाऊक असायचं? लाल दोरा शोधायला बसायचे, हाताला करवंटी लागायची. करवंटी उचलली की खाली तुटकी माळ. दोरा राहायचा बाजूला आणि विहीर व्हायची. आता लाल दोरा पाहिजे म्हटलं की लाल दोराच मिळतो."

"मग काकांना सांगा ना."

"खबरदार, तू सांगितलंस तर. तीन महिने तो माणूस खिडकीत बसून होता. भाजी आणतानासुद्धा शीळ घालतो आता. माझं काय, झालं इतकी वर्षं करून."

मी सांगायचं नाही असं ठरवलं. मी गमत्या माणूस आहे, पण चहाडखोर नाही. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काका दुकानात आले.

त्यांच्या हातात कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. ग्राहक जाईपर्यंत ते स्टुलावर बसून राहिले. मग म्हणाले, "सतरा दिवस झाले. एक चिठ्ठी नाही."

"काकू कामात असतील."

"कामात असती तर चिठ्ठी आली असती." त्यांनी गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. "फॉर्म अवघड झालाय का? तो 'कशासाठी'चा रकाना काढून टाकू या. तिला तो आवडत नसेल. तू नवीन छापून दे."

आता मला सांगा, त्या माणसाला काय उत्तर द्यायचं? त्याला दुःखाची भाषा येत नव्हती. त्याला चिठ्ठ्या येत होत्या, आणि चिठ्ठ्यांवरून त्याला बायकोचं बरोबर कळलं होतं. फक्त कारण कळलं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. वनिताताई, सोमवार, करवंटी, लाल दोरा. शीळ घालण्याचंही सांगितलं.

काउंटरवर लॅमिनेशनच्या कापलेल्या पट्ट्या पडल्या होत्या, त्या काकांनी उंचीप्रमाणे लावल्या. मग आपण काय करतोय ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात मागे घेतला.

"मागणी थांबली की आम्ही माल तपासायचो," ते म्हणाले. "माल गंजलाय का, साइज चुकलाय का. स्टोअरच चुकलंय, असं कधी कुणी तपासलं नाही."

चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याकडेच ठेवून ते गेले.

शनिवारी सकाळी काकू भावाच्या नातवाच्या बारशाला वांगणीला गेल्या, दोन दिवसांसाठी. त्यांची रिक्षा वळून अर्धा तास झाला नसेल, काकांनी माझं दार वाजवलं. त्यांच्या काखेत एक लांब, जाड पुठ्ठ्याची वही होती.

"आज दुकान बंद ठेव," ते म्हणाले. "उद्याही."

ती वही मी आजवर विसरलेलो नाही. कुठलंही स्टोअर ताब्यात घ्यायच्या आधी तिथे जे जसं आहे तसं लिहून काढायचं असतं: काय, किती आणि कुठे. काकूंच्या खोलीला हात लावण्याआधी काकांनी तीन दिवस तेच केलं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. चौदा दिवसांतले पहिले तीन दिवस यात गेले होते. चाळीस पानं. मी मधलंच एक पान उघडून वाचलं: 'शिलाई मशीनच्या पायडलावर, उजवीकडे. श्रीखंडाचा डबा, झाकण नाही. आत मणी हिरवे, दोन मुठी, एक केसाची पिन, अर्धी सुपारी. डब्याखाली जरीचा काठ, निळा, दुमडलेला, त्यावर चहाचा डाग.'

"काका, हे सगळं परत असंच ठेवायचं?"

"जसं घेतलं तसं परत द्यायचं. नियम आहे."

मी आयुष्यात नाटकात काम केलेलं नाही, पण त्या दोन दिवसांत नाटकाचा सेट लावणाऱ्यांना काय वाटत असेल ते समजलं. काका दारात उभे राहून वही वाचायचे आणि मी आत मांडायचो. आधी लेबलं काढायची होती. ती निघता निघेनात. इतकं चांगलं काम मी पुन्हा कधी केलेलं नाही. मग मणी. चाळून वेगळे केलेले तीन डबे एकत्र ओतायचे होते. काका म्हणाले, "तू ओत," आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"पलंगाखाली, डावीकडे. मणी पांढरे, सांडलेले," त्यांनी वाचलं.

"किती?"

"मूठभर लिहिलंय."

मी मूठ भरून हळूच एकेक ठेवायला लागलो.

"ठेवतोयस काय? सांडलेले आहेत. सांड."

मी सांडले. ते घरंगळत पार भिंतीपर्यंत गेले. काका वाकले, त्यांनी पाहिलं आणि वहीत बरोबरची खूण केली.

रविवारी दुपारी अडचण आली. वहीप्रमाणे खिडकीत तेरा सुपाऱ्या हव्या होत्या, दोन कमी भरल्या. काकूंनी मधल्या काळात वापरल्या असणार. काकांच्या कपाळावर घाम आला. मी म्हटलं, "अहो काका, काकूंना काय तेरा माहीत असणार आहेत?" ते म्हणाले, "मला माहीत आहेत." शेवटी शेजारून दोन सुपाऱ्या मागून आणल्या, त्या लोळतात की उभ्या राहतात ते न बघता टाकल्या, आणि त्यांनी वही मिटली. खोलीच्या मधोमध एक फरशी मोकळी होती. तीही वहीत लिहिलेली होती.

संध्याकाळी काकू आल्या. हातात बारशाच्या घुगऱ्यांची पिशवी. आम्ही दोघं परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे बाहेरच्या खोलीत उभे. त्या खोलीच्या दारापाशी गेल्या आणि थांबल्या. पिशवी हातातच राहिली.

"हे कुणी मांडलं?"

"मांडलं नाही," काका म्हणाले. "परत केलं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर चहाडखोराला द्यायची असते तीच होती, पण थोडी कमी पडली. मग त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, साडीचा पदर खोचला आणि आत जाऊन त्या मोकळ्या फरशीवर बसल्या. चहासुद्धा घेतला नाही.

काही वेळ नुसताच डबे सरकवल्याचा आवाज. मग त्यांचा आवाज आला, "अहो, माझी कात्री कुठंय?"

काकांचा हात वहीकडे गेला. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांचे ओठ हलले. तेहतीस वर्षं स्टोअरच्या खिडकीपलीकडून कुणीतरी हाच प्रश्न विचारत आलं होतं आणि या माणसाने एकदाही उत्तर चुकवलं नव्हतं.

"मला काय ठाऊक," काका म्हणाले.

"इतके दिवस बरी सापडायची," काकू आतून म्हणाल्या आणि पलंगाखाली वाकल्या. तिथून त्यांनी एक तांब्याची तार काढली, ती वाकवून बघितली. तिच्यामागून नारळाची शेंडी. मग तो निळा काठ, चहाचा डाग वर करून मांडीवर पसरला. डागाकडे बघत राहिल्या. त्यावर दोन सुपाऱ्या ठेवून पाहिल्या, उचलल्या, पुन्हा लांब ठेवल्या. शेजारून आणलेली सुपारी लोळली, तर तिला लोळू दिलं आणि ती थांबली तिथे तार टोचून बघितली. मांडी भरत चालली होती.

"अरे," मान वर न करता त्या मला म्हणाल्या, "खरवईला फोन लाव. वनिताला म्हणावं, आणू नको काही." आणि लगेच, "अहो, कात्री खरंच नाही का पाहिलीत? अडलंय माझं तिच्यावाचून."

काकांनी माझं मनगट धरलं. "मला खाली घेऊन चल," ते कुजबुजले. "मी सांगून टाकीन."

आम्ही खाली आलो. मी चालता चालता वनिताताईंना फोन लावला. त्या पलीकडे इतक्या मोठ्याने बोलत होत्या की काकांना सगळं ऐकू गेलं. टपरीवर दोन कटिंग घेतले. काकांनी ग्लास हातात धरला, पण पिईनात. वरच्या खिडकीकडे बघत राहिले. तिथे दिवा लागला होता. शेवटी त्यांनी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं, माझ्या कानाशी आले आणि एका दमात म्हणाले, "पलंगाच्या पायथ्याशी, गोणपाटाचा तुकडा, त्याच्या आत गोंड्यांचा अभ्रा, अभ्र्याखाली कात्री, मोठी, टोकं भिंतीकडे."

मग मोठा श्वास सोडला आणि चहा प्यायले.